रोशनीची गाडी आणि साडेपंधरा फूट बांबू

धावत्या गाडीचा फोटो काढायचा असेल तर गाडीचं इंजिन बंद असावं लागतं. हे वाक्य मी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात निदान चाळीस लोकांना शांतपणे समजावून सांगितलं. त्यातल्या एकोणचाळीस जणांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या बायकोकडे. चाळिसावी माझी बायकोच, मनकर्णा. तिने कुणाकडे पाहावं हा प्रश्न असल्यामुळे तिने आकाशाकडे पाहिलं.

मी अडतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत विज्ञान शिकवलं. आधी गडचिरोलीच्या जंगलात, मग इथे मूलला. समजतच नाही असं पोर मला अजून भेटलेलं नाही. समजवायचा कंटाळा आलेले मास्तर मात्र पुष्कळ भेटले. त्यामुळे कुणी हसलं तर मी रागावत नाही, मी फळा शोधतो. फळा नसेल तर जमीन आणि काडी असतेच.

तर गोष्ट अशी की आमच्या शेजारच्या संघपालची मुलगी रोशनी, माझी जुनी विद्यार्थिनी, हिने मूलमध्ये बायकांना गाडी शिकवण्याची शाळा काढली. एक पांढरी जुनी गाडी घेतली, शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक बसवून घेतला, सगळे परवाने काढले. आणि मग दोन महिने गाडी अंगणात उभी राहिली. नावं आली दोन. संघपाल राइस मिलमध्ये मोटारी दुरुस्त करतो. न चालणारी मोटार पाहिली की त्याला झोप येत नाही. त्याने मुदत घातली. सोळा ऑक्टोबरपर्यंत दहा नावं झाली तर ठीक, नाहीतर सतराला त्याचा घुग्घुसचा मित्र सुरज येऊन गाडी घेऊन जाईल. सुरजला खाणीतल्या पाळीवर जायला गाडी हवीच होती.

रोशनीने नाव नोंदवायचा पहिला फलक लावला, त्यावर उभ्या गाडीचा फोटो होता. चार दिवसांत तीन फोन आले. तिघांनीही एकच विचारलं, "केवढ्याले देता?"

ती माझ्याकडे आली, पायरीवर बसली आणि म्हणाली, "सर, उभी गाडी पाह्यली का लोकाईले वाटते विकाले काढली. मले चालती गाडी पायजे फोटोत. माह्या हातात स्टेअरिंग, गाडी सुसाट."

सोळा ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्राच्या सोहळ्याला जाणाऱ्या गाड्यांची रांग आमच्या मूलवरून जाते. गडचिरोलीकडची सगळी माणसं, सगळ्या मावश्या, सगळ्या सुना. त्याआधी रस्त्याच्या कडेला तो फलक लागला पाहिजे. हातात दिवस बारा. मी म्हणालो, "होऊन जाईल." हे दोन शब्द मी उच्चारले की मनकर्णा घरातल्या मोडण्यासारख्या वस्तू उचलून वर ठेवते.

शेजाऱ्यांचे सल्ले लगेच सुरू झाले. एक म्हणाला, ड्रोन आणा. दुसरा म्हणाला, रस्त्याच्या कडेला उभे राहा, गाडी समोरून गेली की बटन दाबा. तो प्रयोग मी केला. सतरा फोटोंत रिकामा रस्ता आला आणि अठराव्यात गाडीचा मागचा दिवा. फलक बनवणारा लोकेश तर म्हणाला, "गुरुजी, कायले तरास घेता? उभ्या गाडीचा फोटो द्या, मी कॉम्प्युटरवर पळवतो ना."

"खोटं पळवायचं नाही," मी म्हणालो. "पोरगी शाळा काढून राहिली आहे."

खरी पद्धत सोपी आहे. एक लांब, हलका दांडा घ्यायचा. त्याचं एक टोक गाडीला पक्कं बसवायचं, दुसरं गाडीच्या पुढे कोपऱ्यात हवेत. त्या टोकावर कॅमेरा, तोंड गाडीकडे. गाडी सरकली की कॅमेराही तेवढाच सरकतो, म्हणून गाडी जागच्या जागी स्पष्ट दिसते. चाकं मात्र गरगरतात आणि मागची झाडं ओढल्यासारखी फराटत जातात. कॅमेऱ्याचा पडदा एक सेकंद उघडा ठेवला तर बैलगाडीच्या चालीने गेलेली गाडीही ऐंशीने धावताना दिसते. मात्र इंजिन सुरू असलं की त्याची थरथर दांड्यातून कॅमेऱ्यात जाते आणि सगळं पुसट होतं. म्हणून इंजिन बंद ठेवायचं आणि गाडी ढकलायची. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, नाहीतर एका सेकंदात फोटो पांढराफटक.

मनकर्णा ऐकून म्हणाली, "म्हणजे गाडी ढकलणार आणि लोकांना सांगणार पळते. लोकेशचं खोटं आणि तुमचं खरं, फरक काय?"

"चाकं खरी फिरतात," मी म्हणालो. हे उत्तर मला त्या वेळी फार चांगलं वाटलं होतं.

कॅमेरा होता. निवृत्तीच्या वेळी शाळेने दिलेला. काचेच्या दुकानातून मोठ्या काचा उचलायचे रबरी पकडे आणले, वाटीसारखे असतात, दाबले की घट्ट चिकटतात. दांड्यासाठी आधी लोखंडी पाइप आणला. तो स्वतःच्याच वजनाने वाकला आणि त्याने बॉनेटवर एक खळगा पाडला. त्या खळग्याला संघपाल अजून 'गुरुजीचा खड्डा' म्हणतो. मग माझ्या लक्षात आलं की हलकं, ताठ आणि पोकळ असं जे काही लागतं ते निसर्गाने आधीच करून ठेवलं आहे.

चांगला बांबू पत्रूच्या गावात. पत्रू धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका गावात राहतो. मी तिथे अकरा वर्षं होतो, तेव्हा तो माझ्याकडे चौथीत होता. आता ग्रामसभेचे कागद तोच सांभाळतो. रोशनी आणि मी तिच्याच गाडीने गेलो. ती सुरेख चालवते, हे इथे नोंदवतो, कारण पुढे जे घडलं त्यात तिचा काही दोष नव्हता.

"जोहार गुरुजी," पत्रू म्हणाला आणि सरळ सोळा फुटी बांबू काढून दिला. मी निघायला लागलो तर त्याने मला थांबवलं. "पास घेतल्याबिगर नाई जाता येत."

"अरे, एकच तर बांबू आहे."

"एक असो का ट्रक, कागद पायजे. तुमीच शिकोलं ना आमाले, वहीत लिवल्याबिगर प्रयोग झालाच नाई मनून."

स्वतःचं वाक्य तीस वर्षांनी असं समोर येऊन उभं राहिलं की माणूस खाली बसतो. मी बसलो. पत्रूने सावकाश, मला अभिमान वाटावा अशा अक्षरात पास लिहिला. बांबू, नग एक, लांबी सोळा फूट, उपयोग फोटोकरिता. तेवढ्यात शाळा सुटली आणि पोरं बांबूभोवती जमली. आता पोरं जमली आणि हातात बांबू असला तर मी काय करणार? मी पत्रूची करवत घेतली आणि जाड बुडखा अर्धा फूट कापला. एका टोकाला बांबूचं आपलं नैसर्गिक पेर, बंद. त्याला तापलेल्या सुईने भोक पाडलं. दुसऱ्या टोकाला तेल लावलेला पातळ कागद बांधला. पोरांच्या डोक्यावर चादर टाकली आणि सांगितलं, भोक मोहाच्या झाडाकडे करा.

चादरीतून ओरडा आला, "झाड उलटा लटकून राह्यला!"

मग प्रत्येकाने पाहिलं. मग प्रत्येकाने आपल्या मित्राला उलटं उभं करून पाहिलं. मित्र सरळ दिसला. ती नळी मी तिथेच पोरांना देऊन टाकली. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या तासांपैकी तो एक होता, आणि त्याची किंमत आम्ही परतीच्या वाटेवर एका नाक्यावर मोजली.

नाक्यावरचा वनरक्षक तरुण होता, कामाचा पक्का. त्याने पास वाचला. टेप आणला. टपावरचा बांबू मोजला. पुन्हा मोजला.

"पासवर सोळा फूट हाये. हा साडेपंधरा. अर्धा फूट कुठी गेला?"

"मुलांना दिला."

"कायले?"

"झाड उलटं पाहायला."

त्याने रोशनीकडे पाहिलं. रोशनी गाडीच्या आरशात स्वतःची टिकली तपासत होती. मग त्याची नजर मागच्या सीटवर गेली. कॅमेरा, रबरी पकडे, दोरी.

"वाघाचे फोटो काढता का?"

"नाही हो. या गाडीचे."

"ज्या गाडीत बसले, त्याच गाडीचे?"

"हो. बाहेरून. चालती असताना. म्हणजे बंद असताना. आम्ही ढकलणार आहोत."

त्याने खुर्ची ओढली आणि मला बसायला दिली. वयाकडे पाहून की तब्येतीकडे, ते कळलं नाही. मी काडी घेतली आणि जमिनीवर आकृती काढली. प्रकाशाचे किरण, भोक, झाड, उलटं झाड. मग गाडी, दांडा, कॅमेरा. वीस मिनिटं लागली. मागे धानाच्या दोन ट्रॅक्टरांनी हॉर्न वाजवले, त्याने त्यांना हातानेच थांबवलं. शेवटी तो म्हणाला, "आमाले शाळेत असं कोणी नाई सांगितलं जी," आणि पासच्या पाठीमागे स्वच्छ लिहिलं की अर्धा फूट बांबू शैक्षणिक कामात खर्ची पडला. माझी सही घेतली. तो कागद मी लॅमिनेट करून ठेवला आहे. निवृत्तीच्या मानपत्रापेक्षा त्यात मजकूर खरा आहे.

पहिला प्रयोग अकरा ऑक्टोबरला, सकाळी सहाला, मूलबाहेर चंद्रपूर रस्त्यावर झाला. बांबू बसला, कॅमेरा बसला. रोशनी स्टेअरिंगवर, ढकलायला संघपाल आणि मी. अडचण एकच. कॅमेऱ्याचं बटन दाबलं की दहा सेकंदांनी फोटो निघतो. तेवढ्यात मी पुढून धावत गाडीच्या मागे यायचं आणि ढकलायचं. सदुसष्टाव्या वर्षी हे शक्य आहे, फक्त दहा सेकंदांत नाही. पहिल्या फोटोत माझी पाठ आली. दुसऱ्यात कोपर. तिसऱ्यात मी पूर्ण आलो, पण आडवा.

चौथ्या वेळी मागून एसटी आली. आमच्याकडचे लोक फार चांगले आहेत, हेच त्या दिवशीचं संकट. ड्रायव्हरने बस बाजूला घेतली आणि ओरडला, "बाईची गाडी बंद पडली जी, उतरा, धक्का मारा!" आठ प्रवासी उतरले. कुणी चप्पल काढली, कुणी बाह्या सरसावल्या आणि गाडी अशी काही ढकलली की माझ्या हातातून ती निघूनच गेली.

"गेअर टाका बाई, गेअर टाका!" ते आठजण ओरडत होते.

"सुरू करू नकोस! रोशनी, अजिबात सुरू करू नकोस!" मी मागून धावत ओरडत होतो.

तिने माझं ऐकलं. अडतीस वर्षांत इतक्या तत्परतेने कुणी माझं ऐकलं नव्हतं. गाडी शंभर पावलं गेली आणि थांबली. प्रवाशांनी पुन्हा ढकलली. पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा कंडक्टरने हात जोडले. "बाई, हे गाडी आता भंगारातच द्या," असं म्हणून त्याने घंटी मारली. बसच्या सगळ्या खिडक्यांमधून माणसं आमच्याकडे हळहळत पाहत होती. आमच्या गाडीच्या मागच्या काचेवर 'रोशनी मोटार ट्रेनिंग, फक्त महिलांसाठी' अशी मोठी पट्टी चिकटवलेली होती, आणि ती त्या सगळ्यांनी वाचली.

दुपारपर्यंत ही बातमी मूलभर झाली. संध्याकाळी त्या दोन नावांपैकी दोन्ही नावं परत गेली. एकीने निरोप पाठवला, "गाडी शिकाची हाये, ढकलाची नाई." घुग्घुसहून सुरजचा फोन आला. संघपालने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. "संघपालभाऊ, गाडी धक्क्यावर चालते मनते. असू द्या, मी सतराले टोचन लावूनच नेतो." टोचन म्हणजे दोरीने ओढत. संघपालने फोन ठेवला आणि मी बसणार होतो ती खुर्ची उचलून आत नेली.

रोशनी रात्री पायरीवर आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तेरा तारखेला मीच तिच्या दारात गेलो.

"सर, राहू द्या आता," ती म्हणाली. "शून्य नावं हायेत. शून्याले कशानं गुणलं तरी शून्यच येते. हे बी तुमीच शिकोलं."

"बेरीज कर ना मग," मी म्हणालो. "शून्यात बेरीज चालते."

तिला हसू आलं नाही, पण तिने किल्ली घेतली.

चौदाच्या सकाळी आम्ही राइस मिलच्या मागच्या जुन्या रस्त्यावर गेलो. तिथे एसटी नाही, दयाळू माणसं नाहीत. संघपाल आला नाही. ढकलायला मी एकटा. बांबू बांधून झाला तेवढ्यात हातात विळे घेऊन धान कापायला निघालेल्या बायका आल्या. पुढे बायनाबाई. साठीच्या आसपासची बाई, आवाज असा की धानाच्या दोन बांध्यांपलीकडचं माणूस वळून बघतं.

"जयभीम गुरुजी. हेच का तुमची बिघडलेली गाडी?"

"बिघडलेली नाही, बायनाबाई." आणि मी काडी घेतली. किरण, भोक, दांडा, एक सेकंद. त्या उभ्यानेच ऐकत होत्या. माझी आकृती अर्धी झाली होती तेव्हाच बायनाबाई म्हणाली, "मनजे आपण झोक्यावर बसलो का आपल्या पोट्टीचं तोंड साफ दिसते आन् बाकी सारं वावर फिरते, तसं ना?"

मी काडी खाली ठेवली. इतकं चांगलं उदाहरण मला अडतीस वर्षांत सुचलं नव्हतं.

"व्हा गं साऱ्या मागं!" तिने विळा कमरेला खोचला. सात बायका लागल्या. मी बटन दाबून बाजूला झालो, आता मला धावायचं नव्हतं. पण रोज भाऱ्यांची गाडी ओढणारे ते हात! गाडी उसळून निघाली, बांबू वेतासारखा झुलला, फोटो पुसट. पुन्हा. पुन्हा पुसट. पाच फोटो असेच गेले.

"हळू ढकला जी," मी म्हणत होतो.

"गुरुजी, हळू काम आमाले कोणी कधी सांगतलंच नाई," एक म्हणाली आणि साऱ्या हसल्या.

बायनाबाई पुढे आली आणि खिडकीतून रोशनीला म्हणाली, "पोरी, मले बसू देतं का एकदा तिथी? सायकल बी नाई आली मले कधी. नुसती बसतो."

रोशनीने माझ्याकडे पाहिलं. उजेड वाढत होता, कॅमेऱ्याच्या बॅटरीचा लाल दिवा लुकलुकत होता. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण रोशनी तोवर पलीकडच्या सीटवर सरकली होती. "बसा मावशी. हात असे धरा. दूर पाहा, चाकाकडे नाई. ब्रेक माह्या पायाशी हाये, भिऊ नका." ढकलगाडीला लायसन्स लागत नाही असं माझं मत आहे. ते मी कुणाला विचारलेलं नाही.

मी बटन दाबलं. मागून सातऐवजी सहाच बायका, आणि साऱ्या एकदम कुजबुजत्या झाल्या. "हळू गं. बायना बसली हाये. हळू, हळू." गाडी अशी निघाली जसं नदीत द्रोण सोडावा. बांबू हलला नाही. कॅमेऱ्याने एक सेकंद डोळा उघडला आणि मिटला.

त्यानंतर सहाही जणींना बसायचं होतं. रोशनीने एकीला बसवलं, हात धरायला शिकवलं, दुसरीला बसवलं. तिसरीच्या वेळी रबरी पकड सुटली, बांबू खाली आला आणि कॅमेऱ्याची काच फुटली. बायका हळहळल्या. मी मात्र त्या वेळी रोशनीकडे बघत होतो. तिला कॅमेरा फुटलेला कळलाच नव्हता. ती तिसरीला सांगत होती, "काऊन घाबरता मावशी, बैल वळवता ना, तसंच हाये." मी अशी शिकवणारी माणसं ओळखतो.

कार्डात एकच धड फोटो होता. लोकेशच्या दुकानात तो पडद्यावर मोठा झाला तेव्हा आम्ही तिघेही पुढे वाकलो. गाडी काचेसारखी स्पष्ट, चाकं गरगर, मागची पळसाची झाडं हिरव्या रेघा झालेली. खिडकीत बायनाबाई, डोक्यावर पदर, दात सगळे बाहेर, जणू ऐंशीच्या वर.

"झकास," लोकेश म्हणाला. "बांबू पुसतो, आन् म्हातारीचं तोंड काढून रोशनीताईचं लावतो. दोन मिनिटाचं काम."

आणि मी, सगळ्यांना सत्याचे धडे देणारा मी, म्हणालो, "लाव." सोळा तारीख परवावर आली होती. मला शून्याचा आकडा दिसत होता.

"नाई," रोशनी म्हणाली. "बांबू पुसा. मावशी राहू द्या."

"अगं, शिकवणारी तू. फलकावर चेहरा तुझा हवा."

"सर, माहा चेहरा पाहून कोण येईन? मले तं येतेच गाडी. मावशीले नाई येत, हे साऱ्या मूलले माहीत हाये." मग ती लोकेशकडे वळली. "खाली लिहा, बायनाबाई शिकून राह्यल्या. तुमी?"

मी खुर्चीवरून उठून बाहेर पान खायला गेलो. मी पान खात नाही.

सोळा तारखेला सकाळपासून रस्त्यावर ट्रक, जीप, टेम्पो, निळे झेंडे. बायनाबाई एका टेम्पोतून गेली, आणि फलकासमोर तिने गाडी थांबवायला लावली. "मायबाई, मी एवढ्या जोरात गेल्ती?" हे ती दोन बांध्यांपलीकडे ऐकू जाईल असं म्हणाली. टेम्पोतल्या बायका उतरल्या. मागच्या ट्रकमधल्याही उतरल्या. "बायनाले येते तं आपल्याले काऊन नाई येत?" असा तर्क मी त्या दिवशी पन्नास वेळा ऐकला, आणि त्यात कुठेही चूक सापडली नाही. संध्याकाळी रोशनीच्या वहीत तेवीस नावं होती. संघपालने ती दोनदा मोजली आणि मग माझ्यासाठी खुर्ची बाहेर आणली.

सतराला सकाळी सुरज दोरी घेऊन आला. कुणी त्याला कळवायचं विसरलं होतं. अंगणात गाडी नव्हती. मी त्याला बसवलं, चहा दिला आणि शांतपणे समजावलं की गाडी शिकवणीला गेली आहे.

"कोण ढकलून राह्यलं?" त्याने विचारलं.

तेवढ्यात गाडी कोपऱ्यावरून आली. इंजिनाच्या आवाजासकट, स्वतःच्या पायाने. अगदी आम्ही ढकलायचो त्याच चालीने. रोशनी शेजारच्या सीटवर होती. स्टेअरिंगवर मनकर्णा. मला घरात कुणी काही सांगितलं नव्हतं. तिचं नाव वहीत पहिल्या पानावर तिसरं होतं, हे मला नंतर कळलं.

मी उठून रस्त्यापर्यंत गेलो. "क्लच हळू सोड!" मी म्हणालो. "आणि आरशात..."

मनकर्णाने माझ्याकडे पाहिलं नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर दूर. गाडी सावकाश माझ्या दिशेने येतच राहिली, आणि खिडकीतून रोशनीचा आवाज आला, अगदी शांत, अगदी ठाम.

"सर, वर्ग चालू हाये. बाजूले व्हा."

मी बाजूला झालो.